घरची वही : कार्ड कपाटात, पण गोळ्या कुठं?

मागच्या आठवड्यात शेवगावहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. अक्षर सुबक आणि प्रश्न अगदी नेमका. त्या लिहितात, "आता सरकारनं पिवळं, केशरी, पांढरं कार्ड न बघता सगळ्यांनाच पाच लाखांचा आरोग्यविमा दिलाय म्हणतात. आमच्या ह्यांनी कुटुंबाची खासगी पॉलिसी काढली आहे, तिला वर्षाला साडेएकोणतीस हजार जातात. तो हप्ता बंद करून पैसे मुलीच्या शिकवणीला लावावेत असं माझ्या मनात आहे. हे नको म्हणतात. तुम्ही काय सांगाल?"

उत्तर देते, पण थोडं थांबा. याच विषयावरून यंदाच्या भाऊबीजेला आमच्या घरात असं काही जुंपलं होतं, की बासुंदी पातेल्यात तशीच राहिली. ते आधी सांगते.

आमच्या वन्सं भाऊबीजेला आल्या होत्या. त्या सरकारी नर्सबाई. एकतीस वर्षं आपल्या नगर जिल्ह्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नोकरी करून निवृत्त झाल्या. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं, सांभाळून घ्या.) आमचे हे एसटीतून निवृत्त. शिवाय पाथर्डी तालुक्यातून धाकटे भाऊजी आणि जाऊबाई आले होते. बोलणं निघालं ते जाऊबाईंवरूनच.

जाऊबाईंचं वय चोपन्न. चार वर्षांपूर्वी रक्तदाब निघाला आणि रोजची एक गोळी मागे लागली. गोळी महिन्याला एकशेवीस रुपयांची. सरकारी केंद्रात फुकट मिळते, पण ते गावापासून नऊ किलोमीटर आणि एसटी दिवसातून दोनदा. एकदा गेल्या तर गोळ्या संपलेल्या, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. मग कापसाची खुरपणी आली. बरंही वाटत होतं. "दुखत काही नाही तर रोज गोळी कशाला गिळायची" असं म्हणून त्यांनी दोन महिने ती बंद ठेवली, आणि घरात कुणाला सांगितलं नाही. २०२४ च्या श्रावणात एके दिवशी पहाटे उठायला गेल्या तर डावा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं. भाऊजींनी जीप करून नगरला आणलं.

अकरा दिवस दवाखान्यात होत्या. कार्ड होतं म्हणून बिल भरावं लागलं नाही. एका तपासणीचे अडीच हजार मात्र बाहेर भरायला लावले. पावती मागितली तर "उद्या देतो" म्हणाले. तो उद्या अजून उगवायचा आहे.

ते कार्ड मीच काढून दिलं होतं, बरं का. नेट कॅफेत रांग लावून घरातल्या सगळ्यांची कार्डं काढली, प्लॅस्टिकमध्ये घालून आणली आणि ज्याची त्याला दिली. जाऊबाईंनी त्यांचं कपाटात लुगड्यांखाली ठेवलं. नंतर दर भेटीत मी विचारायची, "कार्ड नीट आहे ना?" पण "गोळी घेताय ना?" हे मात्र एकदाही विचारलं नाही. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तर भाऊबीजेला आमचे हे म्हणाले, "योजना नसती तर धाकट्यानं जमीन विकली असती." ह्यांच्याबरोबरच्या एका कंडक्टरांनी मागं हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी खरोखरच दोन एकर विकले होते. तसलीच शस्त्रक्रिया आज योजनेत फुकट होते. बायकांच्या पाटल्या मोडल्या जात नाहीत, सावकाराचं तोंड बघावं लागत नाही. "यापेक्षा सरकारनं आणखी काय करायचं?" असा ह्यांचा सवाल.

वन्सं भडकल्या. "दादा, पैसा सरकारचा, पेशंट गावचा आणि दवाखाना तिसऱ्याचाच! हेच पैसे उपकेंद्रावर खर्चले असते, गोळ्या नि माणसं वेळेवर दिली असती, तर वहिनीचा हात गेला असता का? मी एकतीस वर्षं बघितलंय. औषधाचं कपाट रिकामं, डॉक्टरची जागा रिकामी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मग त्या एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, "त्या दिवशीही भाऊबीजच होती." आमच्या लक्षात आलं. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे अकरा रुग्ण त्या दिवशी दगावले. त्या दिवशी शहरात ओवाळणीची ताटं तशीच राहिलेली घरं मी पाहिली आहेत. वन्संचं म्हणणं असं, की सरकारी दवाखाना आपलाच आहे. त्याच्याकडे पाठ फिरवून नुसतं कार्ड वाटणं बरं नव्हे.

मैत्रिणींनो, हा वाद काही आमच्या माजघरात सुरू झालेला नाही. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिनं १९४६ साली अहवाल दिला. लोकांकडून हप्ता घेऊन विमा काढावा की करातून पैसा उभारून सरकारनंच दवाखाने चालवावेत, हा प्रश्न समितीपुढेही होता. समिती म्हणाली, या देशात हप्ता भरण्याची ऐपत फार थोड्यांची आहे. तेव्हा दवाखाने सरकारनं चालवावेत आणि सुरुवात खेड्यापासून करावी. विलायतेत ५ जुलै १९४८ ला अशीच सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. आपल्याकडे केंद्रं उघडली, इमारती झाल्या, पण पैसा कधी त्या मानानं सुटला नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी १९४८ च्या कायद्यानं ईएसआयचा विमा आला. बाकीच्यांनी आजारपणाला पदर खोचून तोंड दिलं.

विम्याचा रस्ता आपल्या राज्यानं धरला तो फार पुढे. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपला नगर नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ ला ती सगळ्या राज्यात आली. २०१७ साली तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती, मर्यादा घरटी दीड लाख. २०१८ साली दिल्लीहून पाच लाखांची आयुष्मान भारत योजना आली. पांढऱ्या कार्डवाल्यांना कोविडच्या धामधुमीत, मे २०२० मध्ये, तात्पुरतं आत घेतलं. मग जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच रेशनकार्डधारक कुटुंबांना पाच लाखांपर्यंत, असं झालं. शेवगावच्या ताईंनी ऐकलं ते हेच.

आता माझी बाजू सांगते. मी ना ह्यांच्या बाजूची, ना पुरती वन्संच्या. माझी बाजू वहीची. दिवाळीनंतर मी भाऊजींना विचारून विचारून जाऊबाईंच्या एका वर्षाचा हिशेब मांडला. दवाखान्यातलं बिल योजनेनं भरलं, ते सव्वा लाखाच्या आसपास होतं असं तिथल्या माणसानं सांगितलं. घरी आल्यावरचा खर्च असा: गोळ्या महिन्याला ११०० रुपयांच्या, म्हणजे वर्षाचे १३,२००. हाताचे व्यायाम करून घेणारे गृहस्थ एका खेपेचे २०० घेत. एक्कावन्न खेपा झाल्या, १०,२००. नगरला दाखवायला नऊ चकरा, दर खेपेस गाडीचे १४००, म्हणजे १२,६००. बेरीज ३६,०००. सुरुवातीच्या दिवसांतले लंगोट, भाऊजींचे बुडालेले रोज आणि बारावीतल्या मुलीनं घरी बसून काढलेले दोन महिने यात धरलेले नाहीत. ते कसे धरायचे, मला सुचलं नाही.

आणि दोन महिने न घेतलेल्या गोळ्यांची किंमत? दोनशेचाळीस रुपये.

तर हा विमा भरती झालेल्या माणसाचा आहे. खाटेवर पडलात, आजार यादीत असला, दवाखाना योजनेतला असला, की तो उभा राहतो, आणि चांगला उभा राहतो. पण आपल्या घरातून पैसा गळतो तो खाटेवर पडायच्या आधी आणि उठल्यावर. साखरेच्या गोळ्या, रक्ततपासणी, पोराचा खोकला, सासऱ्यांचा दमा. देशाचा हिशेबही तेच सांगतो. आजारपणावर शंभर रुपये खर्च झाले तर २०१३-१४ साली त्यातले चौसष्ट लोकांच्या खिशातून जात. २०२१-२२ साली ते एकोणचाळीसावर आले असा सरकारी हिशेब आहे. उतरले, छानच झालं. पण राहिलेल्या एकोणचाळिसांतला मोठा वाटा औषधांचा, भरती न होता घेतलेल्या उपचारांचा. तो आपल्याच कनवटीचा.

वन्संचं म्हणणं मला पटतं ते जामखेडमुळे. आपल्या जिल्ह्याच्या त्या टोकाला, दुष्काळी भागात, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली येऊन राहिलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, नंतर अमेरिकेत जाऊन आलेले. मोठं इस्पितळ काढून बसले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सेसना खेड्यांत पाठवायचं ठरवलं. पण त्या खेड्यात राहीनात. तेव्हा त्यांनी गावातलीच बाई निवडली. बहुतेकजणी गरीब घरच्या, कित्येक दलित, कित्येकींना अक्षरओळख नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत आणि शिकलेलं गावात जाऊन करत. पोरांची वजनं, गरोदर बाईची तपासणी, जुलाबाला मीठ-साखर-पाणी, बाळंतपण. तिथल्या खेड्यांत तेव्हा हजार बाळं जन्मली की पहिल्या वाढदिवसाआधी पावणेदोनशेच्या आसपास जात. पुढच्या पंचवीसएक वर्षांत तो आकडा तिसाच्या खाली आला. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली गेल्या आणि डॉ. रजनीकांत २०११ साली. काम अजून चालू आहे.

यात विमा कुठं आला? कुठंच नाही. गोळी बंद केली हे जिला पाण्याच्या नळावर कळेल अशी बाई गावात होती, इतकंच. पुढे २००५ सालापासून सरकारनं आशा ताई नेमल्या, त्या याच वाटेनं. पण एकेका आशेच्या डोक्यावर किती कामं आणि हातात मानधन किती, हे तुम्ही बघताच. आमच्या जाऊबाईंच्या गावची आशा त्या दोन महिन्यांत कुठल्यातरी सर्वेक्षणाचे कागद भरत होती. तिचा काय दोष?

ह्यांचंही एक मला पटतं. झटका आल्यावर जामखेडची ताई काही मेंदूचा फोटो काढू शकत नाही. तिथं मोठा दवाखाना लागतो आणि बिल भरणारा कुणीतरी लागतो. शिवाय योजनेत सरकारी रुग्णालयंही आहेत, त्यांनाही उपचाराचे पैसे मिळतात. म्हणजे विमा आला की सरकारी दवाखाना मेलाच, असं वन्सं म्हणतात तसं काही नाही. भांडणाच्या भरात माणूस टोकाला जातो.

एक गोष्ट मात्र फक्त आपल्या बायकांची, म्हणून इथं नीट लिहिते. विम्यात दवाखान्याला पैसे मिळतात ते उपचार केल्यावर, आणि शस्त्रक्रियेचे जास्त. आंध्रात २००७ साली आरोग्यश्री नावाची अशीच योजना निघाली, तेव्हा गर्भपिशव्या काढण्याची लाट आली. शेवटी ती शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांच्या यादीतून काढावी लागली. आपल्या शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. तिथं विम्याचं नाव नव्हतं. कित्येकींनी उचल घेऊन, कर्ज काढून पैसे भरले होते. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायकाही त्याच तोडीला जातात. पैसे भरावे लागत असताना हे झालं. फुकट म्हटल्यावर "काढून टाका एकदाची" हे किती सहज तोंडून जाईल! २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना याबाबतचे नियम लागू करायला सांगितलं आहे. पण कायदा तुमच्याबरोबर तपासणीच्या खोलीत येत नाही. पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवल्याशिवाय सही करू नका. चाळिशीच्या आत तर मुळीच नाही. "कॅन्सर होईल" या एका वाक्याला घाबरून जाऊ नका. तपासणीचा कागद मागा.

आता शेवगावच्या ताई, तुमचं उत्तर.

हप्ता लगेच बंद करू नका. आधी तुमच्या पंचक्रोशीत योजनेतले दवाखाने कोणते, आणि तुम्ही नेहमी जाता तो त्यात आहे का, हे बघा. योजनेतले उपचार यादीप्रमाणे असतात. जुलै २०२४ ला त्या यादीत १३५६ उपचार होते आणि यादी बदलत असते. खासगी पॉलिसी एकदा सुटली आणि पाच वर्षांनी पुन्हा घ्यायला गेलात तर वय वाढलेलं असेल, साखर-रक्तदाब निघाला असेल, तर हप्ता वाढतो आणि जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत नव्यानं सुरू होते. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतः काढलेल्या आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला आहे. तुमच्या साडेएकोणतीस हजारांत तो धरलेला असला आणि कंपनीनं मूळ हप्ता वाढवला नसला, तर यंदा पंचवीस हजारच भरायला हवेत. ह्यांना पावती काढून बघायला सांगा. उरलेले साडेचार हजार शिकवणीला लावायचे की घरातल्या औषधांच्या डब्यात टाकायचे, ते तुम्ही ठरवा. मी डब्यात टाकले असते.

आणि योजनेचं म्हणाल तर आजारी पडायच्या आधी रेशनकार्ड काढून उजेडात वाचा. घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का? विशेषतः नव्या सुनेचं. माहेरच्या कार्डातून नाव कमी होतं, सासरच्या कार्डात चढायचं राहून जातं, आणि नेमकी तीच बाळंतपणात अडते तेव्हा ती कुठल्याच घरची नसते! रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, तेही बघा. एकीकडे 'सुनंदा' आणि दुसरीकडे 'नंदा' असलं की रात्री दोन वाजता धावपळ होते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरायच्या आधी त्याला गाठा. कुणी वरचे पैसे मागितले तर पावती मागा, नाही दिली तर १५५३८८ वर फोन करा. मी तेव्हा केला नाही. जाऊबाई आत होत्या आणि मी घाबरले होते. तुम्ही करा.

सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे असतील तर त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वयवंदना कार्ड वेगळं निघतं, उत्पन्नाची अट नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात, गोळ्याही देतात. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचाराचे पैसे लागत नाहीत. आणि गोळ्या विकतच घ्याव्या लागल्या तर जनऔषधीच्या दुकानात विचारा. तीच गोळी पुष्कळ स्वस्त पडते. गोळ्या नसल्या तर नुसतं परत येऊ नका. कधी येणार ते विचारा, वहीत तारीख लिहा, आणि त्या तारखेला दोघी-तिघी मिळून जा. एकटीला "पुढच्या आठवड्यात" सांगणं सोपं असतं.

वन्सं भाऊबीजेनंतर गेल्या त्या थेट पाथर्डीला, जाऊबाईंकडे. तिथून उपकेंद्रात जाऊन तिथल्या बाईंशी काय बोलल्या कोण जाणे. परवा जाऊबाईंचा फोन आला. जीभ अजून थोडी जड आहे, पण समजतं. म्हणाल्या, "कालनिर्णयावर रोज गोळीची फुली मारते, वहिनी. उजव्या हातानं. एक महिन्याच्या मिळाल्या. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय."

तुमच्या गावच्या उपकेंद्रात गोळ्या कोणत्या वारी मिळतात, आणि गेल्या सहा महिन्यांत किती वेळा मिळाल्या नाहीत, ते मला पत्रानं कळवा. नाव छापणार नाही. गावांची यादी करून पुढच्या महिन्यात याच पानावर देईन.